वयाची अट

तावडेकाकांना जाऊन येत्या दिवाळीत वर्ष होईल. ते गेल्याची बातमी बिल्डिंगच्या ग्रुपवर आली तेव्हा प्रत्येकाने त्यांच्याबद्दल चार-चार ओळी लिहिल्या. मी नुसती जोडलेल्या हातांची खूण टाकली आणि फोन उलटा ठेवला. लिहिण्यासारखं माझ्याकडे सगळ्यांपेक्षा जास्त होतं, म्हणूनच. मी कमी बोलतो. लोक म्हणतात, सुनीलचा स्वभावच तसा. निम्मा स्वभाव खरा, उरलेली निम्मी सोय आहे. बोललं नाही की पकडलंही जात नाही.

बोरिवली पूर्वेला, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली आमची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. काका मूळचे कुडाळकडचे. वडील गिरणीत होते, काका मात्र कुठल्याशा सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, गेलेल्या कागदावर नंबर घालायचा, एवढंच काम. पण त्यांच्या तोंडून ऐकलं तर वाटायचं की हा माणूस बंदरावर बसून जहाजं सोडत होता. बुटके, काटकुळे, कान मोठे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. काकी लवकर गेल्या. मूलबाळ नाही. घरात दोन खुर्च्या, एक रेडिओ आणि भिंतभर फायली.

त्या फायली म्हणजे त्यांनी केलेले अर्ज. गल्लीतला दिवा गेला, अर्ज. नळाला गढूळ पाणी आलं, अर्ज. आम्ही सगळे ऑनलाइन तक्रार टाकून विसरून जायचो. काका मात्र इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे आणि रेघांच्या कागदावर लिहायचे. घरात बसून अर्ज लिहायला इस्त्री कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अरे, कागद घरात लिहिलो तरी जातलो कचेरीत ना?"

त्यांचा ठाम विश्वास होता की अर्ज केला की उत्तर येतं. उशिरा येईल, नकाराचं येईल, पण येतं. "कागद पाहुण्यासारखो," ते म्हणायचे. "उत्तर नाही दिलंस, तर तो दारातच उभो ऱ्हवता."

एकदा पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं आली. गेटजवळच्या बदामाच्या फांदीवर कावळ्याचं घरटं होतं. काकांनी त्या माणसांना चहा पाजून बसवून ठेवलं आणि तिथेच अर्ज खरडला. विषय : कावळ्याच्या पिल्लांस उडता येईपर्यंत फांदी न तोडणेबाबत. सगळी बिल्डिंग हसली. तिसऱ्या मजल्यावरचे नाईक म्हणाले, काका, पिल्लांच्या सह्या घेतल्यात का खाली? पण वॉर्डातून उत्तर आलं, आणि विनंती मान्य झाली. गंमत पुढे. कावळीला यातलं काहीच कळवलेलं नसल्यामुळे ती पुढचे पंधरा दिवस गेटमधून बाहेर पडणाऱ्या काकांच्या टकलावर चोच मारत होती. काका कोरड्या दिवसांत छत्री उघडून भाजी आणायला जायचे. वर म्हणायचे, तिच्यापर्यंत जावक पोचली नाही, तिची चूक नाही.

आणि रविवार. रविवारी सकाळी सहाला बिल्डिंगमधली सात-आठ पोरं घेऊन ते नॅशनल पार्कात शिरायचे. ऐन, किंजळ, कुंभा, पांगारा. एकेका झाडाशी थांबून त्याची ओळख अशी करून द्यायचे, की जणू ते झाड त्यांच्याच गावचं आहे आणि इथे नोकरीला आलंय. बिबट्याचं नाव जंगलात घ्यायचं नाही, असा नियम होता. त्याला म्हणायचं साहेब. ओल्या मातीत पंजा दिसला की काका पोरांना मागे सारून हळूच म्हणायचे, "साहेब येऊन गेले. फिरतीवर दिसतायत." पोरं तोंडावर हात दाबून हसायची.

त्या पोरांत माझी ईशा होती. पाच वर्षांची असल्यापासून. मी अंधेरीला विम्याच्या ऑफिसात, सकाळी साडेआठला घराबाहेर. मेधा शाळेत शिकवते, तिची दुपार शाळेत जायची. ईशा शाळेतून आली की समोरच्या दारात. अभ्यास तिथे, खाणं तिथे, प्रश्न तिथे. आमच्यावर त्यांचे उपकार होते हे मी मेधाशी नेहमी बोलायचो. उपकार या शब्दाखाली दुसरं काय साठत होतं, ते मात्र बोललो नाही.

ते आता सांगतो. एका रविवारी मीही पार्कात गेलो होतो. ईशा तेव्हा नऊ-दहाची. वाटेत तिने बोट केलं आणि विचारलं, बाबा, हे कुठलं? ते झाड मला माहीत होतं. काटेसावर होती. मी तोंड उघडेपर्यंत ती पुढे पळाली आणि काकांचा हात धरून तोच प्रश्न विचारती झाली. काका म्हणाले, "बाबाक इचार, तेका ठाऊक असतला." तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. एवढंच घडलं. त्या माणसाने तर माझ्याकडे बोट दाखवलं होतं. तरी मला राग आला तो त्यांचाच.

ईशा बाराची झाली त्या वर्षी मे महिन्यात हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात जायचं आम्ही ठरवलं. आठ दिवस. गावातल्या एका घरात मुक्काम, रोज डोंगर चढायचा, देवदारांच्या जंगलात हिंडायचं. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे चहाला होते. ईशा त्यांना फोनवर फोटो दाखवत होती. काकांनी बर्फ कधी पाहिलेला नव्हता. "वर म्हणून गेलो तो नाशकापर्यंत," ते म्हणाले. मेधा कप उचलता उचलता म्हणाली, "मग चला की काका आमच्याबरोबर."

आपल्याकडे असं म्हणतात. दारावरून जाणाऱ्याला जेवायला या म्हणतात, निघालेल्याला राहा म्हणतात. ऐकणाऱ्याने पुढच्या वेळी नक्की म्हणायचं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद केली, त्याच्या लेखी बोललेला शब्दही आवकच होता. त्यांनी फोनवरचा बर्फ पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काका आधार कार्डाच्या दोन प्रती घेऊन उभे होते, दोन्हींवर स्वतःची सही करून.

मेधाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हे मला मुद्दाम लिहायला हवं. ती म्हणाली, येऊ देत की, ईशाला किती मजा येईल, एक खोली जास्त घेऊ. तिने बोलावलं होतं ते मनापासून होतं. रीत माझ्या डोक्यात होती. मी म्हटलं, बघतो चौकशी करून.

चौकशी करतो म्हणून मी पंधरा दिवस काढले. तेवढ्यात काकांची तयारी सुरू झाली. त्यांनी कॅनव्हासचे बूट आणले. रोज सकाळ-संध्याकाळ चार मजले दोनदा चढायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना दम लागत नव्हता, मला लागायचा. नाईक वरून ओरडायचे, काका, कुठपर्यंत आलात, बर्फ लागला का? काका म्हणायचे, अजून बेस कॅम्पलाच आहे रे. ईशाबरोबर बसून त्यांनी तिकडच्या पक्ष्यांची यादी केली. मोनाल नावाच्या पक्ष्याचं चित्र त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. ईशा आम्हाला सांगायची, मी आणि काका पुढे चालणार, तुम्ही दोघं मागून या.

मला ते आठ दिवस हवे होते. फक्त आम्ही तिघं. एकदा तरी मी पुढे चालणार होतो.

तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. ते तिसऱ्या मजल्यावरून खाली येत होते, मी ऑफिसातून परतत होतो. तब्येतीचं कारण चाललं नसतं. म्हटलं, "काका, एक अडचण आहे. तिथे सत्तरच्या वरच्यांना आत सोडत नाहीत. वयाची अट आहे."

ते कठड्याला धरून उभे राहिले. "लेखी आहे?"

"वेबसाइटवर आहे."

"मग बरोबर असतला," ते म्हणाले. "डोंगराळ जंगल आहे. नियम हवोच." आणि माझा चेहरा पाहून, ज्या चेहऱ्यावर लाज होती आणि त्यांना ती निराशा वाटली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू कशाक तोंड पाडतंस, झिला? तुझी काय चूक?"

घरी येऊन मेधाला आणि ईशाला तेच सांगितलं. मेधा म्हणाली, असा कसा नियम? पण तिने तपासलं नाही. नवऱ्याने सांगितलेलं कोण तपासतं? ईशा रडली. चार दिवसांनी काकांनीच तिला समजावलं, की अटीला सूट असते, आपण अर्ज करू. मी घाईने म्हणालो की आता वेळ नाही, उत्तर यायच्या आत आम्ही जाऊनही येऊ. काका म्हणाले, बरोबर आहे, या खेपेला नाही जमायचं. मला वाटलं विषय संपला.

निघताना ते गेटपर्यंत बॅग घेऊन आले. माझ्या हातात त्यांनी लोकरीची कानटोपी दिली. त्यांनी स्वतःसाठी आणलेली होती.

आम्ही मजा केली. हे लिहायला नको वाटतं, पण त्यावर पांघरूण घालणं म्हणजे आणखी एक खोटं. नदीच्या कडेने वाट चढत जायची. दोन्ही बाजूंना देवदार असे सरळ, की मान मोडेपर्यंत पाहावं. आम्ही राहिलो त्या घरातली म्हातारी सिड्डूवर, म्हणजे तिकडच्या वाफवलेल्या रोटीवर, तूप ओतून द्यायची आणि आम्ही पुरे म्हणालो की आणखी ओतायची. मेधा किती वर्षांनी गाणं गुणगुणत चालली होती. ईशाने पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा आधी त्याला बोट लावलं, मग जीभ. मी त्या दोघींचे फोटो काढत होतो आणि मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. आणि तेवढ्यात ईशा म्हणायची, काका असते तर. पहिल्या दिवशी नऊ वेळा म्हणाली. हे काय, ते कुठलं झाड, हा आवाज कोणाचा, असं ती आता मलाच विचारत होती, मीच तर पुढे चालत होतो. मला एकही सांगता येत नव्हतं.

पण मजेच्याही आधीची एक गोष्ट आहे. उद्यानाच्या फाटकावर एक नोंदवही होती. नाव, गाव, वय, सही. मी लिहायला वाकलो आणि वरच्या ओळीत पाहिलं. त्याच सकाळी आत गेलेल्या कुणा बाईंचं वय लिहिलं होतं, अठ्ठ्याहत्तर. ईशा माझ्या कोपराशी उभी होती, बाबा, माझं नाव मी लिहू? मी डावा तळहात त्या ओळीवर पसरून ठेवला. तिने त्याच्याखाली सावकाश, छान अक्षरात लिहिलं. ईशा, बोरिवली, बारा. ती लिहीत होती तोवर मी हात हलवला नाही. पहारेकऱ्याने ते पाहिलं असावं.

परत आल्यावर ईशा थेट समोरच्या घरात शिरली आणि दोन तास बाहेर आली नाही. सगळे फोटो, सगळे पक्षी. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोजचं सुरू झालं. काका जिन्यात भेटायचे, चहाला यायचे, पण तिकडचं त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. कानटोपी मेधाने धुऊन परत केली.

जुलैत एका संध्याकाळी ईशा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, काकांना उत्तर आलं."

"कसलं?"

"त्यांनी अर्ज केला होता ना. तिकडच्या ऑफिसला. पुढच्या वर्षी तरी सूट मिळेल का म्हणून. रजिस्टर पोस्टाने. तुला नव्हतं सांगितलं, तुला वाईट वाटेल म्हणाले."

मेधाने विचारलं, काय आलं मग?

"अट बरोबर आहे म्हणे. सत्तरच्या वर नाहीच सोडत. मी म्हटलं दाखवा लेटर, तर म्हणाले सरकारी हिंदी आहे, तुला कळायची नाही." ईशा खांदे उडवून भात कालवायला लागली. "हिंदी तर मला त्यांच्यापेक्षा चांगली येते."

ज्या माणसाने कावळ्याच्या घरट्यासाठीही खरं तेच लिहिलं, तो माझ्या मुलीशी खोटं बोलला होता. तिच्या बापाला तिच्यासमोर उघडं पडू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काका समोर आले. मी भिंतीला लागून वाट दिली. "काय रे, इतकी घाई कित्याक?" नेहमीसारखंच म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं मी वाट पाहिली, की आता ते काही बोलतील, आता टोमणा मारतील, आता चहाला यायचे बंद होतील. काहीच बदललं नाही. ईशाचा अभ्यास घेत राहिले, आजारपणात मेधाला पेज आणून देत राहिले, मला झिला म्हणत राहिले. त्यांनी भांडण केलं असतं तर मी निदान माफी तरी मागितली असती. असं माझ्या मनाला सांगायचो. खरं म्हणजे माफी मागायला भांडण लागत नाही.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आम्ही कांदिवलीत भाड्याने जागा घेतली. काका म्हणाले, तीन वर्षं कोण परक्या घरात काढणार, मी गावाक जातंय. त्यांच्या फायली बांधायला मी गेलो. एक फाईल खाली पडली आणि ते पत्र वर आलं. दोन ओळींचं होतं. प्रवेशासाठी वयाची कोणतीही कमाल मर्यादा नाही, आपले स्वागत आहे. कोपऱ्यात काकांच्या बारीक अक्षरात शेरा होता, दप्तरी दाखल. म्हणजे या कागदावर पुढे काही करायचं नाही, तो नुसता ठेवून द्यायचा. काका पलीकडच्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत होते. मी पत्र परत फायलीत घातलं आणि दोरीची गाठ मारली. तेव्हाही बोललो नाही.

ते गावी गेले आणि पाच महिन्यांत गेलेच. झोपेत, असं त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं.

मागच्या आठवड्यात मी ईशाला आणि मेधाला समोर बसवून हे सगळं सांगितलं. नोंदवहीवरच्या हातासकट. मेधा म्हणाली, "मी एक खोली जास्त घ्यायला तयार होते, सुनील." ईशा आता पंधराची आहे. तिने विचारलं, "म्हणजे काका मला खोटं बोलले?" मी म्हटलं, हो, माझ्यासाठी. ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही." आणि उठून आत गेली. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. ते योग्यच आहे.

काकांना शेवटचं पाहिलं ते गावाला निघाले त्या सकाळी. पुतण्या गाडी घेऊन आला होता. सामान चढलं. ईशा आणि मेधा निरोप घेऊन शाळेला गेल्या होत्या. काका मागच्या सीटवर बसले, काच खाली केली. मी पाया पडायला वाकलो, पण दार मध्ये होतं, म्हणून नुसताच वाकून उभा राहिलो. म्हटलं, "काका, ते तेव्हाचं..."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, "ईशाने सांगितलं मला सगळं. पण ती लहान होती. तू सांग. कसं होतं रे तिथे?"

पुतण्या गाडी सुरू करत म्हणाला, काका, पनवेलच्या आधी ट्रॅफिक लागतला. काका म्हणाले, थांब जरा.

मी सांगायला लागलो. गाव कुठे संपतं, पहिला पूल कुठे लागतो, पुलाखालचं पाणी कसलं हिरवं आहे ते. पहिला देवदार दिसतो तिथून वाट कशी डावीकडे वळते. मी आयुष्यात एवढं सलग बोललो नव्हतो. काका खिडकीतून माझ्याकडे एकटक पाहत होते, मध्येच विचारत होते, खोड किती जाड, वास कसा येतो, पायाखाली काय असतं. मी म्हटलं, सुया पडलेल्या असतात काका, गादीसारख्या, पावलांचा आवाज येत नाही. ते म्हणाले, अस्सं. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आमच्याच बिल्डिंगचं सामान न्यायला आला होता, त्याला आत यायला जागा नव्हती. पुतण्याने हात दाखवला. काकांनी माझं मनगट सोडलं आणि म्हणाले, "पुढचं फोनवर सांग हां."

गाडी निघाली तेव्हा मी पहिल्या ओढ्यापर्यंतच पोचलो होतो.